दोन हातांची करवत

"त्याला म्हणावं, उचलून बघ," सिदू दुकानदाराला म्हणाला.

मी सिदूपासून हातभर अंतरावर उभा होतो. दुकानदार चौगुले अण्णा काउंटरच्या पलीकडे. त्यांनी एकदा सिदूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "ते म्हणतायत, उचलून बघा."

"ऐकलं मी. त्याला सांगा, कान शाबूत हायती माझं."

"ते म्हणतायत, कान..."

"माझं बी शाबूत हायती," सिदू म्हणाला.

मागं लाकडी खुर्चीवर आमचे ठेकेदार दस्तगीरभाई मुजावर सोडा पीत बसले होते. त्यांनी रिकामी बाटली खाली ठेवली. "अण्णा, मनावर घेऊ नका. दोन वर्षं झाली, दोघं असंच बोलतात. मधे माणूस नसला तर शेजारच्या बैलाला सांगतात."

काउंटरवर तीन चेनसॉ मांडले होते, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. आमच्या गँगकडं तोवर मशीन नव्हतं. मी झाडावर जायचो तो कमरेला कोयता आणि कुऱ्हाड अडकवून. ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. सांगलीत असली मशिनं तेव्हा एखाद्याच दुकानात मिळायची, आणि लोक ती बघायला म्हणूनसुद्धा जायचे.

झाडाच्या कामाला दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. दोर वरच्या एखाद्या भक्कम बेचक्यातून टाकायचा. त्याचं एक टोक वरच्याच्या कमरेला, दुसरं खालच्याच्या हातात. खालचा ते टोक बुंध्याला दोन वेढे देऊन धरतो. वरचा चढेल तसा दोर ओढून घेतो, उतरेल तशी ढील देतो. वरच्याचा पाय सुटला तर खालच्याची मूठ तेवढी शिल्लक असते.

आमच्यात मी वरचा होतो, सिदू लोहार खालचा. नऊ वर्षं आम्ही जोडीनं काम केलं. मग एका मळ्यातल्या चिंचेवरून मी पडलो. वीस फुटांवरून. दोन बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यात मी शुद्धीवर आल्यावर दस्तगीरभाईंनी विचारलं, "काय झालं रे, ज्योतिराम?" मी म्हणालो, "सिदूनं दोर सोडला." सिदू म्हणाला, "दोर माझ्या हातातच होता. ह्याची कमरेची गाठ सुटली." माझ्या कमरेला दोर होता की नाही, हे त्या धावपळीत कुणी बघितलं नव्हतं. लोकांनी माझं ऐकलं. पडलेला मी होतो.

त्यानंतर सिदूच्या हातात कुणी दोर दिला नाही. तो फांद्या ओढायचा, ट्रॉली भरायचा, हत्यारांना धार लावायचा. गावात त्याचं नाव 'दोरसोड्या' पडलं. चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणायचं, "सिदू, कप नीट धर बाबा, सोडशील." सगळे हसायचे. हा विनोद पहिल्यांदा मीच केला होता.

आणि मी बिनदोराचा चढायला लागलो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "एकदा इस्वास टाकला, बरगड्या गेल्या. आता माझं झाड आणि मी."

हे असंच चाललं असतं. पण त्या उन्हाळ्यात तासगावकडं दुसऱ्या एका गँगचा माणूस वडावरून पडून मेला. तोही बिनदोराचाच. दस्तगीरभाई त्याच्या मातीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवून म्हणाले, "आजपासून दोराशिवाय माझ्या गँगमधला कोणी वर जाणार नाही. पट्टा आणलाय कमरेचा. मशीनपण घेऊ. आणि दोर सिदू धरेल."

"दुसरं कुणी बघा," मी म्हणालो.

"दुसरं कोण आहे? आपला बाबू होता, तो पुण्याला गेला. बाकीची पोरं कालची. सिदू नको तर तू पण नको. कोल्हापूरला बावीस वर्षांचा पोरगा आहे एक, मशीन चालवतो, पट्ट्यावर बसतो. उद्या बोलावला तर उद्या येईल."

शनिवारी नदीपलीकडच्या शाळेचं काम होतं. शाळेच्या कौलांवर विलायती शिरीषाचा एक भला मोठा फाटा आला होता. वारा सुटला की कौलं घासायचा, आणि मुलं वर्गात माना वर करून बसायची. ते काम नीट झालं तर पावसाळ्याआधी तालुक्यातल्या सगळ्या शाळांची छाटणी आम्हाला मिळणार होती. नाही झालं तर कोल्हापूरचा पोरगा. माझं वय तेव्हा एक्केचाळीस. झाडावर चढण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं. पट्टा बांधायचा, दोरही लावून घ्यायचा, पण त्याच्यावर अंगाचा भार म्हणून टाकायचा नाही. डावा हात फांदीला, उजव्या हातात मशीन. कोयता जसा चालवतो तसंच. त्यासाठी मशीन हलकं पाहिजे. सगळ्यांत हलकं.

"हे तीन किलो शंभर," चौगुले अण्णांनी छोट्या मशीनवर हात ठेवला. त्याची मूठ वरच्या अंगाला होती, इस्त्रीला असते तशी. "झाडावरच्या कामासाठीच काढलंय. हे मधलं चार किलो, ह्याची मूठ मागं. आणि हे थोरलं, वखारवाले नेतात."

मी छोटं मशीन उचललं. उजव्या हातात अलगद आलं. मी ते खांद्याच्या रेषेत धरून बघितलं, खाली घेतलं, पुन्हा वर नेलं.

सिदू हसला. त्याचं हसणं म्हणजे नाकातून एक फुसकारा. "अण्णा, त्याचा डावा हात कुठं हाय बघा."

सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. दुकानातल्या लोखंडी रॅकचा खांब माझ्या डाव्या हातात घट्ट होता.

"दुकानात बी झाड धरलंय गड्यानं," सिदू म्हणाला. "फरशीवर उभा हाय, तरी पडंल म्हणून भ्या वाटतंय."

"त्याला सांगा," मी म्हणालो, "पडलेल्या माणसाला भ्या वाटतंय. ज्यानं पाडलं त्याला कशाला वाटंल?"

सिदूचं हसू गेलं. दस्तगीरभाई म्हणाले, "झालं सुरू. अरे, करवत घ्यायला आलोय, तंटा मिटवायला नाही."

"ही छोटीच घ्या, भाई," मी म्हणालो. "तीन किलो कुठं, चार किलो कुठं. दिवसभर हात वर धरून काम करायचं असतं. खाली उभं ऱ्हाऊन बिड्या ओढायच्या नसतात."

"अण्णा, ताणकाटा हाय का?" सिदूनं विचारलं.

"आहे की. बियाणं मोजायचा."

"तीन किलो शंभर लिवलंय ते रिकाम्या मशीनचं. पातं न्हाई, साखळी न्हाई, पेट्रोल न्हाई. वर काय रिकामं मशीन घेऊन जाणार हाय व्हय हा?"

चौगुले अण्णा जरा ओशाळले. त्यांनी माणसाला हाक मारून दोन्ही मशिनांना पातं आणि साखळी चढवायला लावली, पेट्रोल आणि साखळीचं तेल भरायला लावलं. मग ताणकाट्याचा आकडा मुठीत अडकवून एकेक वर धरलं. छोटं सव्वाचार भरलं. मधलं सव्वापाच.

आज मी नव्या पोरांना शिकवतो तेव्हा पहिलं हेच सांगतो, की भरलेलं मशीन तोला, कागदावरचं वजन वाचू नका. हे मला सिदूनं शिकवलं, आणि त्या दिवशी मी त्याबद्दल त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"तरी एक किलोचा फरक ऱ्हातोच," मी म्हणालो. "एक किलो दिवसभर हातात धरून बघ म्हणावं त्याला."

"एका हातात धरलं तर एक किलो. दोन हातांत धरलं तर अर्धा," सिदू म्हणाला. "आणि मशीन दोन हातांनीच धरायचं असतंय. कोयता न्हवं त्यो. इचारा अण्णांना."

"बरोबर आहे ते," अण्णा म्हणाले. "दोन्ही मशिनं दोन हातांचीच आहेत. पण छोट्याची मूठ वर असल्यामुळं लोक एका हातानं चालवतात. मग..."

"मग काय?"

"मग कधीतरी उसळी मारतं."

"मी पंचवीस वर्षं एका हातानं तोडतोय," मी म्हणालो. "चला मागं. दाखवतो."

दुकानामागं पत्र्याची शेड होती. तिथं बाभळीचे दोन ओंडके घोडीवर आडवे टाकलेले. सिदूनं मशीन जमिनीवर ठेवून पायानं दाबलं, दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला चालू झालं. क्षणभर कान लावून त्यानं आवाज ऐकला, मग माझ्याकडे न बघता ते खाली ठेवून बाजूला झाला. मी उचललं. डाव्या हातानं शेडचा खांब धरला. पहिला ओंडका लोण्यासारखा कापला गेला. मी मान वळवून सिदूकडे बघितलं.

तेवढ्यात पात्याचं टोक मागच्या ओंडक्याला लागलं. मशीन हातात जिवंत झालं. मनगट उलटं वळलं, पातं वर उसळून कानाशेजारून मागं गेलं. खांद्यावरचा टॉवेल साखळीनं ओढून घेतला, त्याचा बोळा आत अडकला आणि मशीन बंद पडलं.

चौगुले अण्णांनी शेडच्या खांबाला टेकून डोळे मिटले होते.

दस्तगीरभाई पुढे आले, माझ्या कानाला हात लावून बघितला. कान जागेवर होता. "दोन इंच," ते म्हणाले. "दोन इंच इकडं आलं असतं तर तुझ्या बायकोला काय सांगू मी?"

"चुकून झालं. पुन्हा न्हाई हुयाचं."

"मधलं घ्यायचं. दोन हातांचं."

"मला छोटंच पाहिजे, भाई."

"अरे, पण का?" दस्तगीरभाई ओरडलेच. "आत्ता मान गेली असती! कशासाठी एवढा हट्ट?"

कारण होतं, पण ते शेडमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. सिदू खाली बसून साखळीतला टॉवेल सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मी सांगतो का ते. दोन्ही हातांनी मशीन धरायचं तर झाड सोडावं लागतंय. झाड सोडलं की दोरावर बसावं लागतंय. आणि दोर माझ्या हातात हाय."

"मग?" मी म्हणालो. "चूक हाय का माझं? गाव काय म्हणतंय तुला ते इचार जा."

"ठाऊक हाय मला गाव काय म्हणतंय." टॉवेलच्या दोन चिंध्या त्यानं माझ्या पायाशी टाकल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा तो थेट माझ्याशी बोलला. "आणि गावाला कुणी सांगितलं ते बी ठाऊक हाय."

दस्तगीरभाईंनी मधलं मशीन घेतलं. परत येताना जीपमध्ये ते मशीन आमच्या दोघांच्या मधे सीटवर होतं. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावरच काम सुरू करायचं ठरलेलं, पण शाळा सुटून मुलं घरी थोडीच जातात? आवाराच्या भिंतीपलीकडं चाळीसएक डोकी ओळीनं दिसत होती. मुख्याध्यापिका कोरे बाई छडी घेऊन त्यांच्यापुढे उभ्या होत्या. छडी फक्त दाखवायला होती.

सिदू दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन आवारात आला तसा भिंतीमागून एक बारीक आवाज आला, "दोरसोड्या आला रे!" आणि सगळी भिंत खिदळली. बाईंनी छडी भिंतीवर आपटली. सिदूनं तिकडं बघितलंही नाही. त्यानं गोफणीच्या दगडाला सुतळी बांधून पहिल्याच फेकीत वरच्या बेचक्यातून पार केली आणि तिच्यामागं दोर ओढला. इतका उंच, इतका नेमका नेम मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

पट्ट्याची कडी मी स्वतः लावली, तीनदा ओढून बघितली. सिदू बुंध्यापाशी गेला. दोन वेढे दिले. हातांवर पोत्याचं फडकं गुंडाळलं. मग मला नाही, झाडाला म्हणाला, "तयार हाय."

चढणं सोपं होतं. शिरीषाचा बुंधा खडबडीत असतो, पायाला धर मिळतो. दोर माझ्याबरोबर वर सरकत राहिला, ना सैल ना ताठ. पंचवीस फुटांवर तो फाटा होता, माणसाच्या मांडीएवढा जाड. मी त्याच्या मुळाशी बसलो. सिदूनं दोराला तात्पुरती गाठ मारली, मशीन चालू केलं, तापवलं, साखळीचा ब्रेक लावला आणि दुसऱ्या दोरीनं वर पाठवलं.

मी डाव्या हातानं फाटा कवटाळला आणि उजव्या हातानं मशीन उचललं.

सव्वापाच किलो. मूठ मागं असल्यामुळं सगळं वजन पुढं झुकत होतं. मी पातं लाकडाला लावलं, ते घसरलं. पुन्हा लावलं. मनगट थरथरायला लागलं, कोपर भरून आलं. साल सोलली गेली, लाकडाला ओरखडा पडला, पुढं काही नाही. तिसऱ्या खेपेला पातं लाकडावर नाचलं आणि मी घाबरून मशीन बंद केलं.

एकदम शांत झालं. भिंतीमागची पोरं टाचा उंच करून बघायला लागली.

"काय झालं?" दस्तगीरभाईंनी खालून विचारलं.

"काय न्हाई. हात आखडला."

"जमत नसेल तर उतर. मी कोल्हापूरला फोन करतो. लाज वाटायचं कारण नाही."

मी खाली बघितलं. सिदू वर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. गवंडी ओळंब्याकडं बघतो तसं तो माझ्याकडं बघत होता. त्याची मूठ दोरावर होती.

किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी मी पाय बुंध्याला लावले आणि मागं टेकलो. एकदम नाही. आधी थोडा, मग आणखी थोडा. फाट्यावरचा डावा हात काढून मशीनच्या पुढच्या दांडीवर ठेवला. सगळा भार दोरावर गेला. दोर वीतभर ताणला, करकरला, आणि थांबला. मी हवेत बसलो होतो.

मशीन चालू केलं. दोन्ही हातांत ते शहाण्यासारखं वागलं. खालून एक खाच, मग वरून काप. दोरावरच फाट्याच्या कडेनं पुढं सरकत शेंड्याकडून दोन तुकडे पाडले. फाट्याला बांधलेल्या दुसऱ्या दोरानं गँगमधल्या पोरांनी ते अलगद आवारात उतरवले, एक कौल हललं नाही. तिसऱ्या तुकड्याला माझ्या पायाखालचा बुंध्याच्या सालीचा धर निखळला आणि मी झुलत बुंध्यापासून बाजूला आलो. तुकडा पडला. मशीन बंद करून पट्ट्याला अडकवलं. माझा शर्ट घामानं पिळण्याजोगा झाला होता, आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"ढील दे!" मी ओरडलो.

दोर हलला नाही.

"ढील!"

खाली बघितलं. सिदूनं दोराचं टोक बुंध्याला गाठ मारून बांधलं होतं. हातावरचं फडकं सोडून झटकलं, नीट घडी घातली, खाली अंथरलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसला.

मी बुंध्याकडं हात केला. बोटांची टोकं सालीला लागायची आणि मी उलटा फिरायचो. पुन्हा हात केला, पुन्हा फिरलो.

भिंतीवरून एका पोरानं विचारलं, "काका, तुम्ही अडकलाय काय?"

"सिदू," दस्तगीरभाई म्हणाले, "हे काय चाललंय? उतरव त्याला."

"उतरवतो की. त्याला काय तरी बोलायचं हाय. बोलला की उतरवतो."

"मला काय बोलायचं न्हाई!" मी वरून म्हणालो.

"मग बस वर. वारं चांगलं हाय." सिदूनं खिशातून बिडी काढली. "दस्तगीरभाई, दोर पक्का बांधलाय. सांजच्यापत्तूर बसला तरी पडायचा न्हाई. माझी गाठ हाय ती."

कोरे बाई पुढं आल्या. "अहो, काय हे? मुलं बघतायत. जे काही भांडण असेल ते घरी जाऊन करा."

"मुलास्नी बी बघू द्या, बाई. त्यांच्याच तोंडात हाय माझं नाव." पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "माझी लेक ह्याच शाळंत होती. चौथीत. दोन साल झालं, मामाच्या गावाला ठेवलीया. का म्हणून इचारा तुमच्या पोरांना."

बाईंनी छडी पाठीमागं घेतली. भिंतीवरची काही डोकी खाली गेली.

मी हवेत गोल फिरत होतो. कौलं, नदी, बुंधा, भिंत. कौलं, नदी, बुंधा, भिंत. खाली सगळ्यांची तोंडं वर होती. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगितलं होतं, सिदूच्या हाताचा भरवसा नाही म्हणून. खरी गोष्ट ही होती की त्याच्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती. मी भीत होतो ते त्याच्याकडं कारण होतं म्हणून. माझ्यासारख्या माणसाला सोडून द्यायला एवढं चांगलं कारण दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

"गाठ माझी सुटली," मी म्हणालो.

"काय?"

"चिंचंवर. गाठ माझीच सुटली."

"मोठ्यानं. भिंतीपत्तूर गेलं न्हाई."

"गाठ माझीच सुटली!" मी ओरडलो. "बेचकं वलांडताना दोर आडवा येत हुता. मी सोडला. पलीकडं जाऊन परत बांधला. एका हातानं बांधला, दुसऱ्या हातानं फांदी धरली हुती. गाठ बसली न्हाई. मला ठाऊक हुतं बसली न्हाई. म्हटलं, दोन मिंटाचं काम हाय." मला दम लागला. "सिदूनं दोर सोडला न्हाई. सिदूनं कधीच सोडला न्हाई."

दस्तगीरभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "दोन वर्षं, ज्योतिराम? त्या माणसाकडनं मी फांद्या ओढून घेतल्या दोन वर्षं."

दोर फिरला तशी माझी पाठ त्यांच्याकडं झाली.

सिदूनं बिडी पेटवलीच नव्हती. ती पुन्हा खिशात ठेवून तो उठला. फडकं हातांना गुंडाळलं, गाठ सोडली, आणि मला खाली घेतलं. एकसारखं, एकही हिसका न देता. माझे पाय जमिनीला लागले तेव्हा ते लागल्याचं मला उशिरा कळलं.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. वाटलं, आता मुस्काटात देईल. द्यावी असंही वाटलं. त्यानं माझ्या पट्ट्याची कडी ओढून बघितली, एकदा, दोनदा, तीनदा.

"मूळचा खुंट ऱ्हायलाय वर," तो म्हणाला. "पावसाचं पाणी मुरंल त्यात. जा, साफ कर."

"आज राहू दे," दस्तगीरभाई म्हणाले. "सोमवारी बघू."

"सोमवारी कशाला? दोर लावलेला हाय, मशीन गरम हाय."

"सिदू," मी म्हणालो, "तू धरणार?"

त्यानं दोराचे दोन वेढे बुंध्याला दिले. मग माझ्याकडं बघितलं. सरळ, डोळ्यांत. "आता सुटला तर सिदूच्या हातनं चुकून सुटला असं कुणी म्हणायचं न्हाई. मुद्दाम सोडला म्हणतील. तेवढं तरी परत मिळालं मला आज. जा वर."

मी बुंध्याला हात लावला. बुंधा तोच होता, पण मघाशी जसा चढलो तसा आता चढता येईना. दोन हात वर गेलो की थांबून खाली बघायचो. सिदू प्रत्येक वेळी वरच बघत असायचा. दोर माझ्याबरोबर येत होता, ना सैल ना ताठ.

खुंटापाशी पोचलो. पाय बुंध्याला लावले. पट्ट्याला अडकवलेलं मशीन सोडवलं, एक हात मागच्या मुठीवर ठेवला. दुसरा अजून फांदीवर होता. सिदूनं 'तयार हाय' म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

फांदीवरचा हात काढून मी पुढच्या दांडीवर ठेवला आणि मागं टेकलो.